कट्ट्याला धाडलेली माणसे

११ डिसेंबर १९६१, सोमवार

संध्याकाळी तिसरी-चौथीची मुले घेऊन वाळूवर गेलो. सूर्य बुडाल्यावर त्यांना घरची ओढ लागली, पण मी धरून ठेवली. जरा अंधारताच समुद्रावर चंद्राची कोर उजळली आणि तिच्या वर-खाली दोन ठिपके उमटले. वरचा ठळक, पांढरा, तो गुरू. खालचा पिवळसर, मंद, तो शनी. मुलांना सांगितले, तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही. ही खूण धरलीत तर चुकणार नाही. शनीचे नाव काढताच दोघीतिघींनी डोळ्यांवर हात धरले.

आमचा शेजारी हरिश्चंद्र आपल्या होडीपाशी जाळे गोळा करत होता, तोही येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "ह्योच काय तो शनी? दिसता तर गरीब."

मग त्याने विचारलेच. फेब्रुवारीत आठ ग्रह, त्याच्या भाषेत गिरे, एका ठिकाणी येणार आणि जग बुडणार असे मालवणच्या बाजारात बोलतात, ते खरे का? मी वाळूत काडीने आकृती काढून समजावले. सूर्य-चंद्र धरून सात गोल मकर राशीकडे दिसतील, आठवा केतू, आणि केतू नावाचा तर दगडसुद्धा आकाशात नाही. ते एका दिशेला दिसतात, एकमेकांजवळ येत नाहीत. त्याने मान हलवली. आकृती किती कळली कोण जाणे, पण त्याचा चेहरा सैल झाला. शिकवण्याचे समाधान असे क्वचित मिळते.

२० डिसेंबर, बुधवार

गोवा मोकळा झाला. भाईच्या दुकानातल्या रेडिओभोवती अख्खी वाडी जमली होती. सावंतवाडीकडून येणारे सांगतात, रस्ता लष्कराच्या ट्रकांनी भरून गेला होता. मी मुलांना सुट्टी दिली. भाई, म्हणजे आमचा दुकानदार आणि देवस्थानाचा पुढारी, आनंदात होता. पण पेढा हातावर ठेवताना हळूच म्हणाला, ही अष्टग्रहीची सुरुवात आहे, आधी लढाई, मग पाणी. मी हसलो.

३१ डिसेंबर, रविवार

आज देवळात सभा झाली. भाईने कुठलेसे छापील पत्रक वाचून दाखवले. तीन ते पाच फेब्रुवारी, समुद्र चढणार, किनाऱ्याची गावे जाणार. कोणीतरी पानशेतचे नाव काढले. धरण फुटून पुणे बुडाले त्याला सहा महिनेच झालेत, त्यामुळे देऊळ एकदम गप्प झाले. होम करायचे ठरले. ज्यांची माणसे वरच्या गावांत आहेत त्यांनी पोराबाळांना तिकडे पाठवावे असेही निघाले.

मला राहवले नाही. उठून उभा राहिलो आणि चांगला बोललो, असे मला वाटते. होम करा, त्याला माझी ना नाही, पण भिऊन घरेदारे सोडू नका, म्हणालो. शेवटी म्हणालो, "मी माझ्या बायकोमुलीसह इथेच राहणार आहे. तीन तारखेला संध्याकाळी वाळूवर या. मी तिथे असेन."

मग मागून हरिश्चंद्राचा आवाज आला, "मास्तर ऱ्हवतत तर मी ऱ्हवतंय." त्यावर आणखी चार-सहा माना हलल्या. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

शेवंतीने जेवायला वाढताना एवढेच विचारले, "येवडा बोलाक व्हया होता?"

बायकोला नवऱ्याचे चारचौघांत बोलणे नेहमीच धास्तीचे वाटते. मी समजूत घातली.

७ जानेवारी १९६२, रविवार

लेकीला, सीतेला, खांद्यावर घेऊन वाळूवरून फिरून आलो. गेल्या पावसात समुद्राने खाल्लेली माडांची रांग आता फक्त खुंटांची उरली आहे. आपल्या देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधली पट्टी इतकी अरुंद की पावसाळ्यात दोन्ही पाण्यांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. चार वर्षे इथे आहे, पण हे आजच नीट पाहिले.

घरी आल्यावर पुस्तकातले भरती-ओहोटीचे प्रकरण पुन्हा वाचले. ग्रहांच्या ओढीने पाणी चढत नाही. ओढ आहे, पण नगण्य. मात्र पाच तारखेला अमावास्या आहे, म्हणजे उधाण येणारच. ते दर अमावास्येला येते.

प्रकरण रात्री परत वाचले.

१७ जानेवारी, बुधवार

आज बुध पाहिला! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ, पाण्याच्या रेषेवर अगदी खाली, गुरूच्या शेजारी. शनी आता संधिप्रकाशात बुडाला आहे. गुरूही रोज खाली उतरतो आहे. शुक्र आणि मंगळ तर सूर्यापाशीच आहेत. सगळे त्याच्या मागे-पुढे जाऊन बसत आहेत, त्यामुळे अष्टग्रहीच्या दिवशी त्यांतला एकही डोळ्यांना दिसणार नाही. हे मी लोकांना सांगायला हवे होते. तीन तारखेला वाळूवर या म्हणालो तेव्हा माझ्या लक्षातच आले नव्हते.

हरिश्चंद्र बायकोला घेऊन आला होता. लक्ष्मीचे दिवस भरत आले आहेत. पहिले मूल गेल्यावर तीन वर्षांनी हे. ती वाळूत बसूनच बघत होती. मी बोट दाखवले तिथे तिला बुध दिसला आणि ती हसली.

परत जाताना ती पुढे गेल्यावर हरिश्चंद्र थांबला. म्हणाला, लक्ष्मीची आई मागे लागली आहे की तिला वर कसालला बहिणीकडे धाडा. "तुमी काय सांगतात?"

मी म्हणालो, या दिवसांत एसटीचे धक्के बरे नव्हेत, आणि इथे काशीबाईसारखी सुईण हाताशी असताना परक्या गावी कशाला?

"तुमी आसात मा हंय?"

"आहे की."

"मगे झाला," म्हणाला, आणि गेला. त्याच्या प्रश्नात शंका नव्हती. मी उत्तर दिले तेव्हा माझ्यातही नव्हती, असे मला इथे लिहून ठेवायचे आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

सीतेला खोकला आहे. खाऱ्या वाऱ्याचा परिणाम. शेवंती म्हणते, साधा खोकला आहे, गवती चहाने जाईल. पण मुलांच्या छातीचे कोणी सांगावे? कट्ट्याला, तिच्या माहेरी, हवा कोरडी आहे. शिवाय सासूबाईंचे वय झाले, शेवंती दिवाळीनंतर आईला भेटलेलीच नाही. दहा-बारा दिवस राहून आली तर दोघींनाही बरे. याचा त्या गोष्टीशी संबंध नाही.

शेवंतीला सांगितले. ती चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लोक इचारतले तर काय सांगूचा?"

मी म्हणालो, आईला बरे नाही म्हणून सांग.

"आवस माजी बरी आसा."

"वय झालेल्या माणसाला काही ना काही असतेच."

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. मला वाटले होते माहेरचे नाव काढल्यावर तिला आनंद होईल.

२७ जानेवारी, शनिवार

पहाटे बैलगाडीने मालवणला, तिथून एसटीने कट्ट्याला पोचवून आलो. ट्रंक भरताना सीतेचे सोन्याचे बिंदले आणि माझी सर्टिफिकिटेही तिच्यात ठेवली. घरात वाळवी फार झाली आहे. शेवंतीने सर्टिफिकिटांचे पुडके हातात घेऊन माझ्याकडे पाहिले आणि साड्यांखाली सरळ ठेवून दिले.

निघताना हरिश्चंद्र गाडीपर्यंत आला. सासूबाईंचे ऐकून त्याला वाईट वाटले. ट्रंक त्यानेच चढवली. म्हणाला, बरीच जड आहे.

मालवणच्या स्टँडवर काशीबाई भेटली, मुंबईहून आलेल्या पुतण्याला घ्यायला आली होती. कुठे निघालात, तिने विचारले. शेवंती काही बोलायच्या आत मी सांगितले. काशीबाईने ट्रंकेकडे पाहिले, सीतेकडे पाहिले, आणि "असा काय," एवढेच म्हणाली.

सासूबाई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी काही विचारले नाही, फक्त माझ्यासाठी चहा ठेवला. मी रात्रीपर्यंत राहिलो नाही. एसटीत बसल्यावर सीतेने खिडकीखालून हात हलवला. शेवंतीने पदर डोक्यावर घेतला होता, तिचा चेहरा दिसला नाही.

घरी आलो तेव्हा हरिश्चंद्राच्या आईने पेज आणि सुकटाची चटणी आणून ठेवली होती. एकट्या बाप्याचे हाल नकोत म्हणून.

१ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात नऊ मुले. भाईच्या घरची माणसे परवाच आंबोलीला गेली. देवळात होम सुरू आहे, धुराने दुपारीही डोळे चुरचुरतात.

आज कळले की काशीबाईही गेली. पुतण्याबरोबर कट्ट्याला, त्याच्या सासुरवाडीला. हरिश्चंद्राच्या आईने मला सांगितले तेव्हा तिच्या आवाजात काळजी होती, पण मला पाहून तीच म्हणाली, "जावंदेत ती. मास्तर आसत."

मी लक्ष्मीसाठी काय असणार? मला मूल कसे होते हेही नीट ठाऊक नाही. सीतेच्या वेळी मी शाळेत जाऊन बसलो होतो.

काशीबाई कशामुळे गेली असेल याचा विचार सारखा डोक्यात येतो आणि मी तो बाजूला सारतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायला नको वाटते आहे.

संध्याकाळी वाळूवर गेलो. गावात उरलेले बहुतेक सगळे आले होते. म्हातारी माणसे, कडेवर मुले, भाई. लक्ष्मी आली नव्हती, तिच्या कमरेत दुपारपासून कळ होती. सूर्य स्वच्छ बुडाला. समुद्र असा शांत होता की लाटेचा आवाज फक्त पायाशी येत होता. सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहिले. तिथे काही नव्हते. मी सांगायला लागलो की ते सूर्याच्या उजेडात लपलेले आहेत, म्हणून दिसत नाहीत. एक म्हातारा म्हणाला, दाखवतो म्हणून बोलावलेत आणि आता दिसत नाही म्हणता? मी पूर्वेकडचा मृग दाखवला, व्याध दाखवला. ते बघायला कोणी आले नव्हते.

मग भाई जवळ आला. काल तो कट्ट्याच्या बाजाराला गेला होता. सगळ्यांदेखत, पण खालच्या आवाजात म्हणाला, "सासूबाय तुमची टकटकीत आसा, मास्तर. डोक्यार पाटी घेवन बाजारात इली होती."

मी मान खाली घातली.

"मी नाव ठेवणंय नाय. शाण्या माणसान करूचा ताच तुमी केलात."

त्याने खरेच वाईट हेतूने म्हटले नाही. तो मला आपल्यातला समजला. मी मान वर केली तेव्हा हरिश्चंद्र माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. भर समुद्रात होडीत पाणी कुठून येते आहे ते शोधावे, तसा. मग तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्याच्यामागे बाकीचेही पांगले.

मी वाळूवर एकटा राहिलो. खरे सांगायचे तर अजूनही मी पाण्याच्या रेषेकडे बघत होतो, ती चढते आहे का म्हणून.

५ फेब्रुवारी, सोमवार

काल काही लिहिले नाही. आज सगळे लिहितो.

काल पहाटे हरिश्चंद्राच्या आईने दार वाजवले. लक्ष्मीला रात्रीपासून कळा लागल्या होत्या, मूल अडले होते, म्हातारीला पुढचे सुधरत नव्हते. हरिश्चंद्र तिच्या मागे उभा होता. आदल्या संध्याकाळपासून तो माझ्याशी बोलला नव्हता, आताही आईच बोलली. मी म्हणालो, मालवणहून डॉक्टरला घेऊन येतो. धोतर खोचले आणि वाळूतून निघालो. अर्धी वाट धावलो.

मालवणला लाउडस्पीकरवर मंत्र चालू होते. डॉक्टरचे दार बंद. कंपाउंडर म्हणाला, ते कुडाळकडे एका बाईला बघायला गेले, दुपारनंतर येतील किंवा येणार नाहीत. मी ओट्यावर बसलो.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती मी कोणाला सांगू शकणार नाही. मालवणच्या चढावर पाय लागला तेव्हा मला बरे वाटले. आता पाणी आले तरी इथवर येणार नाही, असे मनात आले. लक्ष्मी तिकडे ओरडत होती आणि मला बरे वाटले. ओट्यावर मी डॉक्टरची वाट बघत बसलो म्हणजे नक्की काय करत होतो, ते मला ठाऊक आहे. किती वेळ बसलो ते लिहीत नाही.

शेवटी कंपाउंडरनेच विचारले, तुमच्या घरची आहे का बाई? मी नाही म्हणालो, आणि उठलो.

परत आलो तेव्हा ऊन कलले होते. हरिश्चंद्राच्या अंगणात चुलीवर मोठे भांडे चढवलेले, आणि त्यापाशी ओचा खोचून शेवंती उभी. सीता खळ्यात कोंबडीच्या मागे लागली होती. आतून काशीबाईचा आवाज येत होता, दम धर, आता दम धर.

शेवंतीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. डॉक्टर कुठे आहे हे तिने विचारले नाही. "पाणी कमी पडतला," म्हणाली. "बावडीवरसून हाडा."

मी पाणी ओढत राहिलो. नको म्हणेपर्यंत आणत राहिलो. दिवे लागायच्या आधी मूल रडले. मुलगा. पायाकडून येत होता, काशीबाईने सांगितले, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघेही हाती लागले नसते. लक्ष्मीचा चेहरा कागदासारखा होता, पण शेवंतीने भरवलेली पेज तिने गिळली.

आज अमावास्या. उधाण आले, रोजच्या खुणेपर्यंत आले आणि ओसरले. भाईने प्रसाद वाटला. होमाने गाव वाचले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

शेवंती परत कशी आली हे ती सांगत नव्हती, मीही विचारत नव्हतो. आज खाडीवर बाबुश भेटला. काळश्याहून होडी घेऊन येतो तो. रविवारी सकाळी होडी काढायला कोणी तयार नव्हते, हा बिचारा चर्चातली प्रार्थना, मीस, चुकवून दोघींना आणि सीतेला खाली घेऊन आला. होडीत काशीबाईकडून ऐकलेले त्यानेच सगळे सांगितले, हसत हसत. त्याला वाटले मला ठाऊक असेल.

शनिवारी काशीबाई शेवंतीच्या माहेरच्या अंगणात गेली होती. म्हणाली, तू आलीस म्हणून मी आले. मास्तरच बायकोला धाडतो तेव्हा काहीतरी असणारच. आणि एकटी काशीबाईच नव्हे. कट्ट्यात जो तो हेच बोलत होता. देवबागचा मास्तर सभेत एक बोलला आणि घरी त्याने दुसरे केले, मग खरे कुठले? लोक त्यावरून बिऱ्हाडे बांधत होते. शेवंतीने काशीबाईला विचारले, लक्ष्मीकडे कोण आहे? काशीबाई म्हणाली, देव आहे. तेव्हा अंगणात शेजारपाजारचे जमले होते. त्या सगळ्यांसमोर शेवंती काय बोलली ते बाबुशने तिच्या आवाजात म्हणून दाखवले.

"माका गिऱ्यांनी धाडूक नाय. माज्या घोवाक भय वाटला, म्हणान मी हंय आसंय. ता भय तेचा. तुमी तेच्यार चलू नकात."

आणि पहाटे ती निघाली तेव्हा काशीबाई निमूट मागून चालू लागली. काळश्यापर्यंत दोघी पायी आल्या, सीता आळीपाळीने कडेवर.

"तुमची बायल धीराची, मास्तर," बाबुश म्हणाला. तो हसला, म्हणून मीही हसलो.

घरी येऊन तिला विचारले, सगळ्यांसमोर हे बोलायला हवे होते का? ती भाजी चिरत होती.

"मगे काय सांगू? आवस आजारी आसा?"

मी बाहेर जाऊन बसलो. देवळात मी एवढा बोललो, त्यावर खरेतर एकच माणूस विसंबला. थांबला तो हरिश्चंद्र, आणि त्याच्यावर काय वेळ आली. तिने चार वाक्यांत सुईण परत आणली, आणि त्यासाठी तिला माझी अब्रू खर्च करावी लागली. ती माझी होती का, हाही प्रश्नच आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

हरिश्चंद्राकडे गेलो. काय बोलायचे ते वाटेत जुळवले होते. तो होडीला तेल लावत होता. मी म्हणालो, माझे चुकले, मी तुला लक्ष्मीला पाठवू नकोस म्हणालो आणि स्वतः...

त्याने हात थांबवला नाही. म्हणाला, "तुमी भियालात म्हणान माका राग नाय. मीव भियाललंय. दर्यार जाताना रोज भियातंय."

त्याने फडके पुन्हा तेलात बुडवले.

"मी तुमच्याकडे गिऱ्यांचा इचारूक येय नव्हतंय, मास्तरांनू. गिरे काय करतले ता माका कित्याक व्हया? तुमी ऱ्हवतात काय जातात, तेवडाच माका बगूचा होता. ता तुमी सांगूक नाय."

एवढे बोलून तो होडीच्या पलीकडच्या बाजूला गेला. मी थोडा वेळ उभा राहून परत आलो. दोन महिने मी वाळूत रेघा ओढून त्याला आकाश समजावत होतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मुले बहुतेक परतली. दुसरीतल्या एकाने विचारले, गुरुजी, ग्रह आता कुठे गेले? कोणीतरी मागच्या बाकावर फिसकन हसले. घरी या गोष्टी बोलल्या जात असणार. मी उत्तर दिले, पण मुलांच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

रात्री शेवंतीला म्हणालो, बदलीसाठी अर्ज करावा असे वाटते. वर कुठेतरी, कणकवलीकडे. इथे आता माझ्या शब्दाला काय किंमत राहिली?

तिने सीतेला थोपटता थोपटता एकच शब्द म्हटला. "परत?"

अर्ज लिहिला नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हरिश्चंद्राच्या मुलाचे बारसे. आमंत्रण द्यायला त्याची आई आली होती. चुलीपाशी जाऊन शेवंतीला सांगून गेली, ओटीवर मी बसलो होतो तिथे थांबली नाही. शेवंती आणि सीता पुढे गेल्या. मी घरी राहायचे ठरवले होते. मग कपडे केले, परत काढले, परत केले, आणि गेलो.

खळ्यात माणसे बसली होती. भाई होता, काशीबाई मानाने मध्ये बसली होती. निवडणुकीची जीप मघाशीच येऊन गेली होती, तिच्यावरून बोलणे चालले होते. मी गेल्यावर बोलणे थांबले नाही, तेवढेच बरे. कडेला माडाच्या बुंध्याशी बसलो. आत बायका पाळण्याचे म्हणत होत्या, त्यांत शेवंतीचा आवाज मला वेगळा कळत होता. मुलाचे नाव सत्यवान ठेवले. घरातल्या कुणा पणज्याचे आहे म्हणे.

हरिश्चंद्र चहाचे कप घेऊन फिरत होता. माझ्यापाशी आला, इतरांसमोर ठेवला तसाच माझ्यासमोरही कप ठेवला. पुढे जाईल असे वाटले, पण तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "झिलाची तारीख लिवन ठेवा. शाळेत घालताना लागतली."

"चार फेब्रुवारी," मी म्हणालो. "रविवार."

"सा वर्सा जातली तवसर." मग त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमी आसात मा?"

देवळात किती सहज बोललो होतो. वाळूवर त्याच प्रश्नाला किती सहज 'आहे की' म्हणालो होतो. आता मी कपाची कड बोटाने पुसत राहिलो. पाळण्याचे संपून शेवंती दारात आली होती, तिने ऐकले की नाही मला कळले नाही. भाई ऐकत होता, काशीबाई ऐकत होती.

"आसंय," मी म्हणालो. "आणि भियालंय तर आदी तुका येवन सांगतलंय."

भाईने कपातून तोंड वर केले. कोणीतरी खाकरले. हरिश्चंद्र गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"चाय थंड होता," म्हणाला, आणि उरलेले कप घेऊन पुढे गेला.